‘बेग’ या शब्दाचा अर्थ

फाल्गुन अर्धा सरला की आमच्या वैनगंगेकाठच्या बालाघाटात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. मोहाची फुलं गळू लागतात आणि पोरं मोठ्यानं वाचू लागतात. पहाटे दार उघडावं तर मोहाचा तो गोड, किंचित आंबूस वास अंगणात येऊन बसलेला असतो आणि त्याच्यामागून शेजारच्या घरातलं इंग्रजी ऐकू येतं. एका सुरात, श्वास न घेता. द काऊ इज अ यूसफुल अ‍ॅनिमल, शी हॅज फोर लेग्ज, शी हॅज टू हॉर्न्स. वाचणाऱ्याच्या दारात खरी गाय बांधलेली असते. ती कान हलवत ऐकते. पुस्तकातल्या गाईला कुणी काठी मारत नाही, ती कधी उपाशी राहत नाही, आणि दूध देऊन झाल्यावर शेवटच्या ओळीत ती निमूटपणे आपल्या कातड्याचे जोडे होऊ देते. मला त्या गाईचा लहानपणापासून राग आहे.

यंदाही ते वाचन सुरू झालं आणि मी खिडकी लावून घेतली. गाईपर्यंत मी ऐकू शकतो. निबंध संपला की पोरं अर्जाकडे वळतात, आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत तो शब्द येतो. इंग्रजीत तीन अक्षरांचा आहे. आठ वर्षं झाली, तरी तो मला ऐकवत नाही.

पासष्ट सालच्या त्या मोसमात मी एकवीस वर्षांचा होतो, इंटर पास होतो, नोकरी नव्हती आणि जगातली प्रत्येक गोष्ट मला ठाऊक होती. आमच्या वॉर्डात टिनाच्या छपराचं बुद्धविहार नुकतंच उभं राहिलं होतं. तिथे सकाळी सहा ते आठ मी पोरांना इंग्रजी शिकवायचो. वरचं टिन रात्रभर गार झालेलं असायचं आणि सातच्या सुमाराला ते हळूहळू कडकड वाजू लागायचं. तोच आमचा तास. टिन वाजलं की व्याकरण संपवायचं आणि निबंध घ्यायचा.

आमच्या पोरांना इंग्रजीचा एक शब्द गाठायला दोन नद्या ओलांडाव्या लागत. शाळेत इंग्रजी हिंदीतून शिकवलं जाई, आणि घरी हिंदी आमच्या बोलीतून समजून घेतली जाई. या दोन नद्यांमध्ये किती काय वाहून जायचं. ‘जाऊन राह्यला’ हे आमचं साधं चालू वर्तमानकाळातलं वाक्य. तो जातो आहे, एवढंच. एका पोरानं शब्दाला शब्द लावून त्याचं इंग्रजी केलं, माय फादर हॅज गॉन अँड लिव्ह्ड. शाळेतल्या गुरुजींनी त्याला वर्गापुढे उभं करून विचारलं, कहाँ जाकर बस गए तेरे पिताजी? पोराचा बाप नुसता वारासिवनीच्या बाजाराला निघाला होता. पोरगं रडकुंडीला आलं. मी त्याला फळ्यावर काळ समजावून सांगितला आणि वर हेही सांगितलं, की चूक तुझी नाही, तुझ्या तोंडची भाषा ज्यांना हसू येण्यासारखी वाटते त्यांची आहे. तेव्हा मी व्याकरणातूनही अशी वाक्यं काढायचो.

ती वाक्यं माझी नव्हती. ती पत्रकांची होती. माझा मामा रेल्वेत गँगमन होता. गोंदियाहून, कधी नागपूरहून तो चळवळीची पत्रकं घेऊन यायचा. गुलाबी, पिवळी, पोपटी, हाताला शाई लागणारी. बाकीच्या घरांत पोरं अंकलिपीवरून वाचायला शिकली, मी पत्रकांवरून शिकलो. ‘अ’ला अननस असतो हे मला फार उशिरा कळलं. माझा ‘अ’ अन्यायाचा होता. वाक्य म्हणजे ज्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं ते, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. सातवीत मी गाईवर निबंध लिहिला, त्यातही शेवटी गाईला जागं होण्याचं आवाहन होतं. गुरुजींनी तो निबंध शिक्षकांच्या खोलीत नेऊन सगळ्यांना वाचून दाखवला. त्यांचं हसणं मला व्हरांड्यात ऐकू आलं. मी ठरवलं, हे हसतात त्या अर्थी आपलं बरोबर आहे.

छप्पन साली, मी बारा वर्षांचा असताना, एका महिन्यात दोन गोष्टी झाल्या होत्या. दसऱ्याला आमची माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आणि दिवाळीच्या सुमाराला नकाशावरची रेघ सरकली, नागपूर आमचं राहिलं नाही, आम्हाला भोपाळला बांधलं गेलं. पहिल्या गोष्टीनं आम्हाला मान वर करायला शिकवलं. दुसरीमुळे मान वर केल्यावर बोलायचं कुठल्या भाषेत, हा प्रश्न उभा राहिला. मराठी शाळा एकेक करून हिंदी झाल्या. आज आमच्या वॉर्डातली धाकटी पोरं मराठीत वाद सुरू करतात आणि राग आला की हिंदीत जातात.

दीक्षेनं एक प्रथा एका दिवसात बंद केली. त्याआधी आमच्या बाया संध्याकाळी गावातल्या मोठ्या घरांच्या मागच्या दारी जाऊन उभ्या राहत, पदर पसरून. वरून शिळे तुकडे पडत. वर्षभराच्या राबण्याचा तो मोबदला समजला जाई आणि त्याला हक्क असं गोंडस नावही होतं. हक्क होता, पण तो ओरडून, वाकून, वाट बघून मागावा लागे. दीक्षेनंतर ते थांबलं. आमच्या वॉर्डातली पंचफुलाकाकी तर त्या दिवसापासून पदर या वस्तूवरच रुसली. लग्नात कुणी धान्य दिलं तरी ती पदरात घ्यायची नाही, दोन हात पुढे करायची. मोहफुलं वेचताना बाकीच्या बाया पदराची खोळ करतात. ही टोपली घेऊन जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, पदर आंगावर घ्याले असते.

तिची मुलगी सुलोचना माझ्या शिकवणीला यायची. अकरावीला होती, बोर्डाचं वर्ष. आमच्या वॉर्डातून अकरावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. तिला मास्तरीण व्हायचं होतं. अकरावी झाली की ट्रेनिंगला अर्ज करता येणार होता. तिचा बाप डोमाजीकाका मँगनीजच्या खाणीत होता. घरी येताना काळ्या धुळीत भुवयासुद्धा हरवलेल्या असत, फक्त डोळे आणि दात दिसत. माणूस शब्दाचा पक्का होता. किरनापुरच्या एका घरानं सुलोचनेला मागणी घातली होती आणि त्यानं त्यांना दोन वर्षं थांबवून धरलं होतं. परीक्षा दिली तर ट्रेनिंग, नाही दिली तर वैशाखात लग्न, असं त्यानं दोन्हीकडे बोलून ठेवलं होतं. किरनापुरची माणसं वाईट नव्हती. त्यांना सून हवी होती आणि ती किती शिकली याच्याशी त्यांना काही करायचं नव्हतं, इतकंच.

त्या फाल्गुनात मी अर्जलेखन शिकवत होतो. फळ्यावर नमुना लिहिला. रिस्पेक्टफुली आय बेग टू स्टेट दॅट आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर. पोरांनी तो आधीच घोकलेला होता. अख्ख्या जिल्ह्यातल्या पोरांना सुटी हवी असली की तापच यायचा, कारण नमुन्यात ताप होता. मी सुलोचनेला उभं केलं आणि म्हटलं, अर्थ सांग. ती धडाधडा म्हणाली,

“मी आदरानं बेगीनं सांगतो का मले ताप हाये.”

आमच्याकडे ‘बेगीनं’ म्हणजे लवकर, घाईनं. बेगीनं ये, बेगीनं जेव. तिला वाटलं होतं, इंग्रजीतला ‘बेग’ही तोच. मी हसलो. बाकीच्यांना विचारलं, तर कळलं की सगळे तेच समजत होते. कुणाला त्यात चुकीचं वाटलं नव्हतं. ताप आला आहे तर माणूस घाईनंच सांगणार. आज मला वाटतं, त्या भाषेच्या अख्ख्या इतिहासात त्या शब्दाला यापेक्षा स्वच्छ अर्थ कुणी दिला नसेल. तो अर्थ मी पुसला. मास्तरचं कामच ते, चूक दिसली की दुरुस्त करायची.

मी सांगितलं की ‘बेग’ म्हणजे भीक मागणं. तेवढ्यात टिन वाजायला लागलं. निबंधाची वेळ झाली होती, पण मी निबंध घेतला नाही. मी बोलत सुटलो. आपल्या आया मागायच्या कशासाठी थांबल्या, आणि आपण शाळेत जाऊन तेच शाईनं लिहितो, रोज, सुंदर अक्षरात, आणि वर त्याचे मार्क घेतो. पोरं ऐकत राहिली. शेवटी मी फळ्यावरचे ‘बेग टू’ हे दोन शब्द हातानंच पुसले आणि वाक्य पुन्हा वाचलं. आय स्टेट दॅट. मी सांगतो की. बघा, वाक्य मोडलं का? वाक्य मोडलं नव्हतं. व्याकरण माझ्या बाजूनं होतं. पोरांनी वहीत खाडाखोड केली आणि मला वाटलं, आज आपण खरं इंग्रजी शिकवलं.

हे सगळं वहीतच राहिलं असतं. पण कार्तिकात धान कापणीच्या वेळी पंचफुलाकाकी वारासिवनीकडे मजुरीला गेली होती, महिनाभर घर सुलोचनेनं सांभाळलं होतं आणि तिची हजेरी कमी भरली होती. परीक्षेला बसायचं तर हेडमास्तरांच्या नावे माफीचा अर्ज द्यायला हवा होता. मोठ्या वर्गांनी अर्ज इंग्रजीतच द्यायचा, असा त्यांचा नियम. सराव होतो म्हणत. सुलोचनेनं अर्ज लिहिला. स्वच्छ, एकही काळ न चुकवता. त्यात लिहिलं होतं, आय स्टेट दॅट माय अटेंडन्स इज शॉर्ट.

हेडमास्तरांनी तो परत केला. फॉर्म में लाओ, म्हणजे ठरल्या नमुन्यात आणा, एवढंच म्हणाले.

मी त्यांना भेटायला गेलो. मला वाटलं होतं तसे ते राक्षस नव्हते. टेबलावर कणसासारखी पिवळी पडलेली रजिस्टरं होती आणि ते त्यांतून वर न बघता बोलत होते. मी त्यांना बराच वेळ समजावलं, शब्दाचा अर्थ, त्याच्यामागची अवस्था, समतेचं तत्त्व. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग टोपण लावून पेन खाली ठेवलं.

“मास्टर साहब, यह ग्रामर का नहीं, तमीज़ का मामला है. अर्ज़ी में अर्ज़ तो करना ही पड़ता है. मैं भी ऊपर यही लिखता हूँ.”

तेही वर हेच लिहीत होते, हे वाक्य मी त्या दिवशी ऐकलंच नाही. मला फक्त ‘तमीज़’ ऐकू आला. बाहेर आलो तेव्हा शाळेच्या कुंपणाशी पळस पेटल्यासारखा फुलला होता आणि मला तो माझ्या बाजूचा वाटला. वीस-बावीस वर्षांच्या माणसाला झाडंसुद्धा आपल्या बाजूची वाटतात.

शनिवारी बारा वाजता मुदत संपत होती. शुक्रवारी सकाळी शिकवणी सुटल्यावर सुलोचना मागे थांबली. ती मला दादा म्हणायची, वॉर्डातला म्हणून.

“दादा, लिहून टाकू काय? एकच तं शब्द हाये.”

मी म्हणालो की सगळी गुलामी एकेका शब्दानंच सुरू होते. आणखीही काही म्हणालो. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. मग मी ते वाक्य बोललो, जे परत घेता आलं असतं तर मी माझं सगळं लिखाण त्याच्या बदल्यात दिलं असतं. मी म्हणालो, तुझ्या मायनं जे सोडलं, ते तू आज तिच्याच नावानं लिहिणार का?

“मायले परीक्षा नव्हती,” ती हळूच म्हणाली. पण कागद तिनं घडी करून वहीत ठेवला. बदलला नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. डोमाजीकाका नुकताच खाणीतून आला होता, गुडघ्यापर्यंत पाय धूत होता. त्याला सगळं सांगितलं. त्यानं मांडीवर थाप मारली. नाही लिहायचं म्हणजे नाही, म्हणाला. एक वर्ष गेलं तर जाऊ दे, पोरीची मान ताठ राहिली पाहिजे. किरनापुरला काय सांगायचं ते मी सांगतो. आम्ही दोघं चहा प्यायलो. फार उंचावरचं बोललो. बाप आणि मास्तर, दोघंही तत्त्वाच्या बाजूनं उभे होतो, आणि वर्ष आमच्यापैकी कुणाचंच जाणार नव्हतं. सुलोचना आतल्या भिंतीला टेकून बसली होती. पंचफुलाकाकी सुपात तांदूळ निवडत होती. तिचे हात मधूनच थांबत आणि पुन्हा चालू लागत. तिला काय वाटतं हे आम्ही कुणी विचारलं नाही. प्रश्न भिकेचा होता, आणि त्या घरात भीक म्हणजे काय हे ठाऊक असलेलं ते एकच माणूस होतं.

शनिवारी मी जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे लांबलचक तक्रार लिहिली. तिची एक प्रत हेडमास्तरांच्या तोंडावर टाकावी म्हणून अकराच्या सुमाराला शाळेत गेलो. उन्हाचा कडाका सुरू झाला होता. मधली सुटी नव्हती, पटांगण रिकामं होतं. सायकल स्टँडपाशी पोचलो आणि मला व्हरांडा दिसला.

हेडमास्तर खोलीच्या दारात उभे होते. त्यांच्यासमोर, पायरीच्या खाली, पंचफुलाकाकी उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर काढून दोन्ही हातांत धरला होता, पुढे पसरला होता, आणि ती कमरेत वाकली होती. कसं वाकायचं, पदराची टोकं किती दूर धरायची, त्याला मधे किती झोळ द्यायचा, हे तिच्या हातांना सगळं आठवत होतं. नऊ वर्षांनी. शब्द मला ऐकू आले नाहीत. फक्त तिचा सूर आला, तो जुना सूर, जो मी लहानपणी आईच्या मागे मागच्या दारी उभा असताना ऐकला होता आणि विसरलो असं मला वाटत होतं.

हेडमास्तर घाबरल्यासारखे मागे सरले. अरे, यह क्या, उठिए, उठिए, असं काहीतरी म्हणत राहिले. मग त्यांनी शिपायाला पाठवून सुलोचनेला वर्गातून बोलावलं. ती आली, तिनं आईकडे पाहिलं. मग व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवून तिनं उभ्यानंच नवा अर्ज लिहिला. पहिल्या ओळीत शब्द घातला. हेडमास्तरांनी वाचलासुद्धा नाही, सही केली.

मी सायकलींच्या मागे उभा होतो. हातात तक्रार होती. पुढे जायला वीस पावलं होती. मी गेलो नाही. आजवर मी मोर्चात पुढे चाललो आहे, लाठीसमोर उभा राहिलो आहे, दोनदा आत जाऊन आलो आहे. ती वीस पावलं मला टाकता आली नाहीत. मी शाळेच्या मागच्या फाटकातून निघालो आणि वैनगंगेच्या वाळूत, डांगराच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्यांपाशी ऊन उतरेपर्यंत बसून राहिलो. वाडीवाला मला दोनदा विचारून गेला, तब्येत ठीक हाये ना, बाबू.

सुलोचना त्यानंतर शिकवणीला आली नाही. परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते आणि तिचा निबंध अजून कच्चा होता. एक दिवस सार्वजनिक नळावर गाठ पडली. मी तोंड उघडण्याआधीच ती बोलली. दादा म्हणाली नाही.

“मायनं सांगतलं मले, तुमी सायकलीपाशी होते. वापस फिरली तवा तिनं पाह्यलं तुमाले.” मग घागर कडेवर घेत म्हणाली, “कागदावर मागतलं असतं तं कोनाचं का गेलं असतं, सर? कागदाले पदर नसते.”

मी व्याकरण शिकवतो. त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं मला अजून काही सापडलेलं नाही.

त्याच संध्याकाळी पंचफुलाकाकीनं मला रस्त्यात थांबवलं. माफी मागायला मी शब्द जुळवत होतो, पण तिला माझी माफी नको होती. तिला एकच गोष्ट हवी होती.

“सुलीच्या बापाले सांगू नोको. त्याले वाटते, पोरीनं तसाच अर्ज देला अन् साहेबानं घेतला. वाटू दे त्याले.”

मी हो म्हणालो. तेवढंच करण्यासारखं उरलं होतं.

वैशाखी पौर्णिमेला विहारात सगळा वॉर्ड जमला होता. सुलोचनेची परीक्षा होऊन गेली होती, पेपर बरे गेले होते, किरनापुरला नकार कळवला होता. डोमाजीकाका पांढरा सदरा घालून उभा राहिला. त्याला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. पण त्यानं सांगितलं, सगळ्यांना सांगितलं, की माझ्या पोरीनं भीक हा शब्द लिहिला नाही, हेडमास्तरला झुकवलं, आणि हे शिकवलं ते आमच्या या मास्तरनं. टाळ्या पडल्या. मला पुढे ओढलं गेलं. बायकांच्या रांगेत पंचफुलाकाकी बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, फक्त पहारा होता.

मी बोललो. चांगला बोललो. त्या सभेत मी जितका चांगला बोललो तितका नंतर कधी बोललेलो नाही.

डोमाजीकाकानं तिथेच हुकूम सोडला, हे पत्रकात लिहा. मी लिहिलं. गोंदियाला छापून आणलं, गुलाबी कागदावर. वारासिवनी, किरनापुर, पार परसवाड्यापर्यंत ते वाटलं गेलं. माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लिखाण तेच. त्यात एका मुलीनं एक शब्द नाकारला आणि सत्ता वाकली, असं होतं, आणि प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह होतं. पुढच्या वर्षी कुणीतरी सांगितलं, कटंगीकडच्या एका पोरानं ते पत्रक वाचून अर्जात तसंच लिहिलं. त्याचं पुढे काय झालं, त्याचा अर्ज कुणी घेतला की नाही, त्याच्यासाठी कुणाची माय गेली की नाही, हे मी विचारलं नाही. मी आजवर कटंगीला गेलेलो नाही.

नंतर काळच बदलला. दोन वर्षांनी त्याच शाळेच्या पोरांनी गावभरच्या इंग्रजी पाट्यांना डांबर फासलं. शाळेतले अर्ज हिंदीत आले. आता ते ‘सविनय निवेदन है’नं सुरू होतात, आणि इंग्रजीचा अर्ज फक्त परीक्षेच्या पेपरात उरला आहे. ज्या शब्दासाठी मी एवढा पेटलो, त्याला शेवटी एका शासकीय परिपत्रकानं बाहेर काढलं. तत्त्वाशी कुणाचा संबंध आला नाही. मी अजूनही शिकवतो, पत्रकंही लिहितो. अन्यायाचा मला आजही तितकाच राग येतो आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही. ‘बेग’ हा शब्द आजही मला ओकारी आणतो. फक्त आता राग आला की मी आधी बघतो, त्याची किंमत कोण देणार आहे. बहुतेक वेळा ते माणूस खोलीत असतं आणि गप्प असतं.

यंदा माघात डोमाजीकाका गेला. पोरीनं हेडमास्तरला झुकवलं, हे घेऊन गेला. सुलोचना परसवाड्याकडच्या एका खेड्यात मास्तरीण आहे. बापाच्या मातीला आली होती. मला ‘सर’ म्हणाली, चहा घ्या म्हणाली.

परवा मी पंचफुलाकाकीकडे गेलो. विचारलं, आता खरं लिहू का. ती म्हणाली, त्याले आता कोन सांगते, लिही. मी दोन दिवसांत हे लिहिलं आणि काल सकाळी तिच्या अंगणात बसून तिला वाचून दाखवलं. ती चिंचेतले चिंचोके काढत ऐकत होती. मोहाच्या वासाबद्दल तिनं मान हलवली. स्वतःच्या टोपलीपाशी जरा हसली. व्हरांड्याचा भाग आला तेव्हा तिचे हात थांबले. तिथे मी एक ओळ लिहिली होती, की तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मी सायकलींपाशी होतो, तिची पाठ माझ्याकडे होती, तिचा चेहरा मला दिसला नव्हता. पण ते मला लिहावंसं वाटलं होतं. पत्रकात तसं लिहितात.

“मी रडली, असं लिवलं काय तू?”

“हौ.”

“काट ते,” ती म्हणाली. “मागतलं मी. रडली नाई.”